एकोणचाळीसचा रुपया

"कडेनं धरा, श्रीपालराव, कडेनं. राजाच्या तोंडाला बोट लावू नका," वेल्हाळ म्हणाले आणि त्यांनी तो रुपया माझ्या चिमटीत दिला.

मी कडेनं धरला. एवढं मला येत होतं. एप्रिल महिना, वर पत्रा, आणि इचलकरंजीच्या त्या मंगल कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाची झालर अजून तशीच लोंबत होती. जिथं वऱ्हाडाच्या पंगती बसायच्या तिथं आता टेबलं मांडून नाणेवाले बसले होते. नाणेसंग्राहक मंडळाचं ते वर्षातनं एकदा भरणारं प्रदर्शन. सांगली, सातारा, कोल्हापूर, पार बेळगावपासून माणसं आलेली. प्रत्येकाच्या गळ्यात भिंग, आणि बोलणं सगळं कुजबुजत, दवाखान्यात बसल्यासारखं.

"कसा आहे?" वेल्हाळांनी विचारलं.

"चांगला आहे," मी म्हटलं. मला काय कळणार? रुपया तो रुपया. पण एकोणचाळीस सालचे रुपये पाडले आणि बहुतेक सगळे वितळवून टाकले, असं नाणेवाले सांगतात. त्यामुळे ज्याच्याकडं तो आहे त्याचा रुबाब वेगळा. त्या अख्ख्या मांडवात तो दोघांकडंच होता. एक साताऱ्याच्या या वेल्हाळांकडं, विकायला. दुसरा आमच्या आण्णांकडं, आणि तो विकायचा नव्हता.

आण्णा म्हणजे माझे वडील, जिनदत्त कासार. तासगावात आमचं बांगड्यांचं दुकान. तरुणपणी कुणा म्हातारीनं लेकीसाठी चुडा भरून घेतला आणि लुगड्याच्या गाठीतनं हा रुपया काढून दिला, तेव्हापासून आण्णांना नाण्यांचं वेड लागलं. बाकीची नाणी ते द्यायचे, घ्यायचे, बदलायचे. हा रुपया मात्र कागदात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात. कुठं गेले तरी बरोबर. आई म्हणायची, मला एवढं जपलं असतं तर.

मी रुपया वेल्हाळांच्या टेबलावर चादरीवर ठेवला. घामानं डोळे चुरचुरत होते. मी रुमाल काढून तोंड पुसलं आणि आमच्या टेबलाकडं परत आलो.

"बघितलास?" आण्णांनी विचारलं.

"बघितला. तुमच्यापेक्षा चकचकीत आहे."

"चकचकीत असतंय ते घासल्यालं असतंय. घासू ने नाणं कधी," आण्णा म्हणाले आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मी त्या प्रदर्शनात काय करत होतो, ते सांगायला हवं. मी एका पतसंस्थेत रोखपाल होतो. एका मार्चअखेरीला तिजोरीत मोठी तूट निघाली. किल्ल्या तिघांकडं, पण बोट दाखवायला रोखपाल सोयीचा असतो. मला घरी बसवलं. चौकशी झाली, ती वर्षभर रेंगाळली, आणि शेवटी पुराव्याअभावी मी सुटलो. पुराव्याअभावी. हा शब्द ज्यानं शोधून काढला त्याला एकदा भेटायचंय मला. माणूस सुटतो, पण लोकांच्या तोंडातनं सुटत नाही. न्हाव्याच्या दुकानात गेलो की बोलणं थांबायचं. बायकोनं एकदा स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "मला तरी खरं सांगा." मी त्यानंतर तिच्याशी कितीतरी दिवस धड बोललो नव्हतो.

आण्णांनी मात्र कधी विचारलं नाही. एकदाही नाही. चौकशीला सांगलीला जाताना ते दुकान बंद करून बरोबर यायचे, बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. गिऱ्हाईक बाईनं चुकून विषय काढला तर तिचा हात हातात धरूनच सांगायचे, "माझा पोरगा असलं करणार न्हाई." बाई गप्प. बांगडी हातात अर्धी चढलेली असताना कोण वाद घालणार? त्या वर्षात मी ताठ मानेनं घराबाहेर पडलो असेन तर फक्त त्या एका माणसाच्या जिवावर. बाकीच्या गावानं काय मानायचं ते मानावं, आण्णांना माहीत आहे, असं मी स्वतःला बजावत राहिलो.

आणि त्यांनीच मला प्रदर्शनाला आणलं होतं. "घरात कुजू नको. माणसांत ये. नाण्यांचं जरा शिकून घे, ह्यात बी पोट भरतंय," म्हणाले. सकाळपासून प्रत्येक टेबलाशी मला नेऊन ओळख करून दिली. "हा आमचा श्रीपाल. आता हाच बघणार सगळं." लोक हात मिळवत होते. काहींना बातमी पोचलेली होती, ते हात जरा लवकर सोडत होते. ते मला कळायचं. एवढ्या दिवसांत तेवढी एक विद्या मला चांगली आली होती.

दुपारी जेवणं चालली होती तेव्हा वेल्हाळ ओरडले.

ओरडले म्हणजे काय, नाणेवाल्यांच्या मानानं ओरडले. "माझा एकोणचाळीस कुठाय?" मग चादर झटकली, टेबलाखाली वाकले, पेट्या उघडल्या. नाण्यांची वही असते, पारदर्शक कप्प्यांच्या पानांची, ती पुन्हा पुन्हा चाळली. त्या रुपयाचा कप्पा रिकामा होता. माणसं पानावरनं उठून आली. हाताला वरणभात तसाच.

"शेवटी कुणी बघितला होता?" कुणीतरी विचारलं.

वेल्हाळ भला माणूस. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते फक्त एकदा माझ्याकडं बघून दुसरीकडं बघायला लागले. त्यानं काम झालं. सगळ्या माना वळल्या. मला त्या माना ओळखीच्या होत्या. पतसंस्थेत अशाच वळल्या होत्या.

माझं डोकं सणकलं. "मी बघितला होता," मी म्हटलं. "बघून तिथंच चादरीवर ठेवला. विश्वास नसेल तर माझी झडती घ्या. आत्ता, इथं, सगळ्यांसमोर." आणि मी शर्टाच्या खिशात हात घातला, उलटा करून दाखवायला.

आण्णांनी माझं मनगट धरलं. ते उठून कधी आले ते मला कळलंच नाही. बांगड्या भरून भरून त्यांची बोटं अशी झाली होती की एकदा मनगट धरलं की सुटका नाही.

"कुणाची झडती घ्यायची न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "माझा पोरगा असलं करणार न्हाई. आणि झडती घ्यायची मंडळाची पद्धत बी न्हाई. मूठ घाला."

मंडळाचे अध्यक्ष चिकोडे वकील पुढं आले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. "कासार आण्णा बरोबर बोलतात," ते म्हणाले. "पोलीस नको, झडती नको. मूठ घालू."

"पण माझी हरकत नाही ना! बघू देत की खिसे," मी म्हणत होतो.

"तुझी नसंल, माझी हाय," आण्णा म्हणाले. मनगट सोडलं नाही.

ही मूठ म्हणजे त्या मंडळाची जुनी पद्धत. नाणं नाहीसं झालं की दारं लावायची. मोठ्या घंगाळात तांदूळ ओतायचे, वर कापड टाकायचं. मग एकेकानं यायचं, कापडाखाली मिटलेली मूठ तांदळात खुपसायची आणि उघडा हात बाहेर काढायचा. ज्यानं घेतलं असेल त्यानं आत सोडून द्यावं. कोण ते विचारायचं नाही, नंतर बोलायचं नाही. भल्या माणसाचाही हात कधी वाकडा होतो, त्याला परत सरळ व्हायला जागा ठेवायची, असा ही पद्धत पाडणाऱ्या जुन्या माणसांचा विचार. ऐकायला छान आहे. पण ज्यानं काही घेतलेलंच नाही त्याचं काय, हा विचार कुणी केलेला नव्हता. रुपया तांदळात निघाला तर तो कुणी टाकला हे कधीच कळणार नव्हतं, आणि सगळे मनात माझंच नाव घेणार होते. खिसे उलटे केले असते तर मी तिथल्या तिथं मोकळा झालो असतो. आण्णांना एवढं कसं कळत नाही, म्हणून मी आतल्या आत जळत होतो. मग वाटलं, माझी अब्रू चारचौघांत खिसे उलटे करण्याइतकी खाली येऊ नये म्हणून करतायत ते. बापाचं काळीज. मी हट्ट सोडला.

कार्यालयाच्या कोठीतनं घंगाळ आलं, आचाऱ्यानं तांदूळ ओतले. रांग लागली. मूठ तांदळात शिरतानाचा खसखस आवाज आणि पंख्याची घरघर, बास. माझ्यामागं आण्णा उभे होते. माझी पाळी जवळ आली तशी ते माझ्या कानाशी वाकले.

"घाबरू नको. मी हाय," ते म्हणाले.

मला घाबरायचं कारणच नव्हतं. तरी बरं वाटलं. मी मूठ घातली. तांदूळ थंडगार होते. उघडा हात बाहेर काढला, तो जरा जास्तच पसरून सगळ्यांना दाखवला आणि बाजूला झालो. मग आण्णांनी मूठ घातली. त्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागला असं मी म्हणणार नाही. सगळ्यांना लागत होता तेवढाच लागला.

शेवटच्या माणसाचं झाल्यावर वकिलांनी कापड काढलं आणि आचाऱ्याच्या मदतीनं घंगाळ ताडपत्रीवर पालथं केलं. पांढऱ्या तांदळात रुपया चटकन दिसला. "मिळाला, मिळाला!" एकदम कल्ला झाला. वेल्हाळांनी झडप घातली, रुपया कपाळाला लावला आणि खिशात घातला. बघितलाही नाही धड. त्यांना रडू येत होतं.

मी आण्णांकडं बघितलं. ते रुपयाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. डोळे ओले होते. मला वाटलं, संकट टळलं म्हणून.

"चल, च्या घिऊ," म्हणाले.

"आण्णा, आता हे सगळे काय समजणार कळतंय का तुम्हाला? मीच टाकला म्हणणार."

"कोण काय म्हणत न्हाई. झालं ते झालं. आता त्यावर बोलायचं न्हाई." माझ्या पाठीवरनं हात फिरवला. लहानपणी ताप उतरला की फिरवायचे तसा. मला त्या हाताचा जरा रागच आला. का ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

दारं उघडली, गिऱ्हाईक आत आलं, व्यवहार सुरू झाले. पण आमच्या टेबलाशी कुणी फिरकेना. मी एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिलो. आण्णा उगाच नाणी इकडची तिकडं लावत होते.

ऊन कलल्यावर आवराआवर सुरू झाली, आणि वेल्हाळ आमच्याकडं आले. चेहरा उतरलेला. त्यांनी मूठ आमच्या टेबलावर उघडली. आत दोन रुपये होते.

"श्रीपालराव, मला जोड्यानं मारा," ते म्हणाले. "माझा रुपया माझ्याकडंच होता. तुम्ही ठेवलात, मीच उचलला, गडबडीत दुसऱ्याच कप्प्यात सरकवला. चाळीस सालच्या रुपयाच्या पाठीमागं जाऊन बसला होता. आत्ता पानं आवरताना जाड लागलं म्हणून बघितलं."

माझ्या छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं. क्षणभरच. कारण वेल्हाळ अजून गेले नव्हते.

"मग हा दुसरा कुणाचा?" ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "हा माझा नाही. एकोणचाळीसचाच आहे. आण्णा, या मांडवात..." ते थांबले. "तुमचा कुठाय?"

"माझा घरी हाय," आण्णा म्हणाले.

"तुम्ही तर कायम बंडीत घेऊन हिंडता."

"आता न्हाई हिंडत. वय झालं. घरी ठेवतोय."

मी ते दोन्ही रुपये बघत होतो. एकाच्या कडेला, राजाच्या गळ्याखाली, उडदाच्या डाळीएवढा काळा डाग होता. तो डाग मी लहानपणापासून बघत आलो होतो. नखानं खरवडायला गेलो म्हणून एकदा थोबाडीत खाल्ली होती. आणि सकाळी तासगावच्या स्टँडवर गाडीत चढताना आण्णांनी बंडी चाचपून बघितली होती, तेही मी बघितलं होतं.

मी तोंड उघडलं. आण्णांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मी तोंड मिटलं.

"मंडळात जमा करा," आण्णा वेल्हाळांना म्हणाले. "ज्याचा आसंल तो न्हील."

वेल्हाळ समजले की नाही समजले, कुणास ठाऊक. पण त्यांनी एक चांगली गोष्ट केली. सरळ जाऊन माईक घेतला आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. कुणीही काही घेतलेलं नव्हतं, श्रीपाल कासारांची मी हात जोडून माफी मागतो, असं नाव घेऊन म्हणाले. मग दुसरा रुपया वर धरला. "हा ज्यांचा आहे त्यांनी घेऊन जावा."

कुणी उठलं नाही. आण्णा पिशवीचे बंद बांधत होते. चिकोडे वकिलांनी एकवार आमच्या टेबलाकडं बघितलं, मग मान खाली घालून चष्मा पुसत बसले. त्यांना समजलं होतं.

मग माणसं माझ्याकडं आली. हात हातात घेऊन, लवकर न सोडता बोलली. "वाईट वाटून घेऊ नका," "आम्हाला खात्री होतीच," वगैरे. वर्षभर मी ज्याची वाट बघत होतो ते सगळं एका दमात मिळत होतं आणि माझं लक्षच नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की झडती नको म्हणून धरलेलं मनगट वेगळंच होतं. कानाशी बोललेलं वेगळंच होतं. मला वाचवायला आयुष्यभर जपलेली वस्तू तांदळात सोडायला त्यांनी क्षणाचाही विचार केला नव्हता. कारण मी चोर आहे, याबद्दल त्यांना क्षणाचीही शंका नव्हती.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. आण्णा खिडकीशी, मी शेजारी, मांडीवर पिशवी. जयसिंगपूर मागं पडलं.

"तो तुमचा रुपया होता," मी म्हटलं.

त्यांचा हात बंडीच्या खिशाकडं गेला आणि परत आला.

"जाऊन घेऊन या की परत. मी सांगतो वकिलांना."

"आन काय सांगू? का टाकला हुता म्हणून सांगू?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ऱ्हाऊ दे तिथं."

मग स्वतःच बोलले. "तू रुपया ठेवलास आन लगोलग खिशात हात घातलास. मी समोरनं बघत हुतो."

"रुमाल काढला मी, आण्णा. घाम आला होता."

"हां," ते म्हणाले. "चुकलं माझं."

आण्णांच्या तोंडून हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. माझा सगळा राग विरघळला. मी त्यांच्याकडं वळून बसलो. आत्ता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही, असं वाटलं.

"मला विचारायचं तरी होतं," मी म्हटलं. "मला बाजूला घेऊन एका शब्दानं विचारायचं होतंत."

"इचारून काय करणार? तू न्हाई म्हणला असतास."

"मग?"

"रांगेत बी तू खिशाला हात लावला न्हाईस. मग मी काय करायचं हुतं?"

एसटी कुठल्याशा फाट्यावर थांबली. एक बाई पाट्या घेऊन चढली, वाहकाशी हुज्जत घालून मागं जाऊन बसली. गाडी सुटली. मग मी बोललो.

"आण्णा, पतसंस्थेतले पैसेही मी घेतले नव्हते."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. नुसती माया होती, आणि तीच मला सोसवेना. माझा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. बांगडी चढवायच्या आधी बाईचा हात जसे हलकेच दाबून मऊ करून घ्यायचे तसा दाबला.

"बरं," ते म्हणाले.

नंतर आण्णा बरीच वर्षं जगले. दुकानात शेवटपर्यंत बसले, आणि कुणी विषय काढला तर सांगत राहिले की माझा पोरगा असलं करणार न्हाई. मी शेजारीच गल्ल्यावर बसलेला असायचो. पण त्या दिवशी, त्या एसटीत, हात काढून घ्यावा असं मला फार वाटत होतं. तासगाव येईपर्यंत मी तो काढून घेतला नाही.